उत्तरेकडची दगडी देवळं: तुमचे अनुभव इथे लिहा

सातपुड्याची बाई

मंडळी, सलाम आणि नमस्कार.

गेल्या जुलैत मी आणि आमचे साहेब नॉर्वेला जाऊन आलो. साहेब म्हणजे माझे यजमान. तेहतीस वर्षं पाळक होते, सगळं गाव साहेब म्हणायचं, मलाही तीच सवय लागली. आम्ही मूळचे नगरचे, पण उमेदीची सगळी वर्षं धडगावच्या बाजूला मिशनच्या कामात गेली. 'मिशनरी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गोरा माणूस आणि हॅट येते. आमच्याकडे हॅट नव्हती, एक राजदूत मोटारसायकल होती आणि तीही चढावर मला उतरवायची.

मुलगी ट्रॉन्डहाइमला नोकरीला आहे. ऑस्लोहून पुढच्या विमानात शेजारी एक आजोबा होते. त्यांनी विचारलं, काय करता? साहेबांनी सांगितलं, मिशनरी होतो, आता निवृत्त आहे. आजोबा गंभीरपणे म्हणाले, "चुकीच्या वेळी निवृत्त झालात. आता आमच्याकडे गरज आहे." साहेब हसले, पण पुढे आठवडाभर ते वाक्य त्यांच्या तोंडी होतं.

ट्रॉन्डहाइम नदीच्या वळणात वसलंय. नदी निदेल्वा. तिच्या काठाला लाल-पिवळ्या-तपकिरी लाकडी वखारी खांबांवर उभ्या आहेत, पाण्यात पाय सोडून बसल्यासारख्या. जुना पूल ओलांडला की बाक्लांडेट नावाची लाकडी घरांची वस्ती. तिथे चढावर सायकलवाल्याला पायाखालून ढकलत वर नेणारी एक यंत्रपट्टी बसवलीय, जगातली अशी पहिलीच, १९९३ सालची. साहेबांना एकाहत्तराव्या वर्षी ती करून बघायची होती. मी हात धरून ठेवला. राजदूतवर मला उतरवायचे, त्याचा हिशोब तिथे चुकता केला.

आणि मग ते देऊळ. (आम्ही जुन्या चालीची ख्रिस्ती माणसं, चर्चला देऊळच म्हणतो.) निदारोस कॅथेड्रल. ओलाफ राजा १०३० साली स्टिक्लेस्टाडच्या लढाईत पडला, पुढे संत ठरला. त्याच्या कबरीवर १०७० च्या सुमारास बांधकाम सुरू झालं आणि सन १३०० च्या आसपास पुरं झालं. मग आगी. कितीतरी वेळा जळलं, १७१९ मध्ये तर वीज पडून जळलं. १८६९ ला जीर्णोद्धार हाती घेतला तो संपला २००१ मध्ये. आमच्या मिशन कंपाउंडातल्या देवळाची कौलं बदलायला सात वर्षं लागली होती तेव्हा साहेबांची झोप उडाली होती. इथे एकशे बत्तीस वर्षं.

पश्चिमेची दर्शनी भिंत बघताना मान दुखते. ओळीवर ओळी पुतळे: संदेष्टे, प्रेषित, राजे, बिशप. साहेबांनी पक्षी बघायची दुर्बीण आणली होती, ते एकेकाची ओळख पटवत बसले. जावई म्हणाला, वर मनोऱ्यावरचा देवदूत मीखाएल बघा, शिल्पकाराने त्याला बॉब डिलनचा चेहरा दिलाय. मला बॉब डिलन कोण हे नीटसं ठाऊक नव्हतं (अमेरिकन गायक), साहेबांना होतं! छत्तीस वर्षांच्या संसारात हे मला तिथे कळलं.

दगड राखाडी-हिरवट, हाताला मेणचट. सोपस्टोन. नखाने ओरखडा उठेल इतका मऊ. लहानपणी पाटीवर लिहायची ती दगडी पेन्सिल आठवा, जवळपास त्याच जातीचा. आत अंधार दाट. डोळे सरावले की मागे वळून बघायचं. पश्चिमेला गोल गुलाबखिडकी पेटलेली दिसते. ती जुनी नाही, गाब्रिएल शिएलाँडने केलेली, १९३० ची, पण जुनी नाही म्हणून काही बिघडत नाही. वेदीच्या मागे अष्टकोनी भाग आहे आणि तिथल्या भिंतीत एक विहीर. हो, देवळाच्या आत विहीर. ओलाफच्या कबरीजवळ झरा फुटला, अशी कथा.

रविवारी उपासनेला गेलो. पाळक कुठेही गेला तरी आधी डोकी मोजतो. साहेबांनी मोजली: बासष्ट, त्यातले निम्मे आमच्यासारखे पाहुणे. भाषा अक्षर कळली नाही, पण कधी उठायचं, कधी बसायचं, कधी मान खाली घालायची, सगळं बरोबर कळत होतं. प्रभूची प्रार्थना सुरू झाली तेव्हा आम्ही दोघं मराठीत म्हणालो. आमचं आमेन त्यांच्या आधी झालं.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते.

मुलीच्या कामावरची एक बाई आम्हाला कॉफीला घेऊन गेली. दक्षिण सामी समाजाची. सामी म्हणजे तिथले मूळचे लोक, रेनडियर पाळणारे. वॅफल, त्यावर तपकिरी चीज. चीज गोड लागतं, खव्याच्या जवळ जाणारं. तिने विचारलं, तुम्ही कुठे काम केलंत? साहेबांनी सांगितलं, डोंगरात, भिल्ल आणि पावरा लोकांत. ती जरा थांबली आणि म्हणाली, "त्यांच्याकडे ढोल असतात का?"

साहेब म्हणाले, असतात.

मग तिने सांगितलं. तीनशे वर्षांपूर्वी थॉमस फॉन वेस्टेन नावाचे पाळक याच ट्रॉन्डहाइममधून सामी लोकांतलं मिशनकार्य चालवत. भला माणूस. सामींना त्यांच्याच भाषेत शिकवलं पाहिजे असं म्हणणारा. आणि त्यानेच त्यांचे ढोल गोळा केले. त्या ढोलांच्या कातड्यावर चित्रं असत, सूर्य, रेनडियर, देव, आणि ते वाजवून त्यांचा जाणता पलीकडच्या जगाशी बोलत असे. ढोल कोपनहेगनला, म्हणजे तेव्हाच्या राजधानीला, पाठवले. १७२८ मध्ये कोपनहेगनला मोठी आग लागली, त्यात बरेचसे जळाले. आज जगभरातल्या संग्रहालयांत जे उरलेत ते मोजके. हे सगळं तिने आवाज न चढवता सांगितलं आणि साहेबांना अजून एक वॅफल वाढलं.

परत येताना जुन्या पुलावर साहेब थांबले. रात्रीचे साडेदहा, लख्ख उजेड. म्हणाले, "तो महूखालचा ढोल आठवतो तुला?"

आठवतो. नाताळच्या आदल्या रात्री एक माणूस दोन डोंगर ओलांडून, पाठीवर ढोल घेऊन देवळात आला होता. वाजवायला. नवीन विश्वासी, म्हणजे नुकताच ख्रिस्ती झालेला. साहेबांनी त्याला दारात सांगितलं, ढोल बाहेर ठेव, त्याच्यावर इंदल होतो. (इंदल म्हणजे पावऱ्यांचा रात्रभराचा पूजाविधी, ढोलाशिवाय होत नाही.) तो काही बोलला नाही. महूच्या झाडाखाली ढोल ठेवून आत येऊन बसला. रात्रभर दव पडलं. सकाळी कातडं सैल पडलं होतं, तो शेकोटीवर ढोल फिरवत शेकत होता, बोटाने टिचकी मारून बघत होता, पुन्हा शेकत होता. मी त्याला चहा नेऊन दिला. ढोलाबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही.

आम्ही तिथली भाषा शिकलो. मी बाळंतपणं केली. आमच्या कामाची मला लाज नाही. पण हा ढोल तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर येऊन बसलाय.

तुमच्यापैकी कोणी उत्तरेकडची ही मोठी देवळं पाहिली असतील तर लिहा. धर्म कुठलाही असो. भांडणं मात्र नकोत, माझं वय झालं.

*

फ्योर्डकाठचा पुणेकर

बाई, फार छान लिहिलंत. मी ट्रॉन्डहाइमला चार वर्षं होतो, त्यामुळे आधी एक भर: शहराची स्थापना ९९७ ची मानतात, चौकात उंच खांबावर ओलाफ ट्रिग्वासन उभा आहे. तो ओलाफ वेगळा, देवळातला ओलाफ वेगळा. मी वर्षभर दोघांना एकच समजत होतो आणि पाहुण्यांना आत्मविश्वासाने फिरवत होतो.

माझा अनुभव पायी जाण्याचा. ऑस्लो ते निदारोस ६४३ किलोमीटरची यात्रेची वाट आहे, मध्ययुगातली, १९९७ मध्ये पुन्हा खुली केली. मी शेवटचे चार दिवस चाललो. २९ जुलै हा ओलाफचा दिवस, त्या सुमाराला. आमचं घर आळंदी रस्त्यावर, आजोबा माळकरी, त्यामुळे मनात वारी होतीच. आणि तिथेच फसलो.

कारण वारीत आपण एकटे नसतो. तिथे मी दिवसभरात सात माणसं पाहिली. कोणी 'माउली' म्हणत नाही, कोणी केळी हातात कोंबत नाही, पायाला तेल लावायला कोणी बसलेलं नाही. दलदलीवर लाकडी फळ्या टाकल्यात, त्यावरून पाय घसरला की गुडघ्यापर्यंत आत. डास असे की वारकरी परत फिरतील. झोपडीत रात्री एक जर्मन बाई आणि मी, दोघांनी मिळून वीस शब्द बोललो असू.

पण शहराच्या अलीकडे एक टेकडी लागते, फेगिन्सब्रेक्का. अर्थ साधारण 'आनंदाची चढण'. जुने यात्रेकरू तिथे पोचले की देवळाचं पहिलं दर्शन व्हायचं आणि ते गुडघे टेकायचे. वेळापूरच्या उतारावर तुकोबांना विठ्ठलाचा कळस दिसला म्हणून आजही तिथे धावा करतात ना, अगदी तेच. मी उभा होतो, मनोरा दिसला, आणि पाय आपोआप उतारावर पळायला लागले. पाठीवर चौदा किलोची सॅक. गुडघा गेला. पुढचे दोन महिने फिजिओ.

*

वसईकर

वसईचा कॅथलिक म्हणून दोन शब्द.

निदारोसमध्ये मला जे दिसलं ते रिकामपण. ओलाफचं शरीर ठेवलेली चांदीची पेटी होती, सगळ्या उत्तरेतून लोक तिच्यासाठी यायचे. १५३७ ला डेन्मार्कच्या राजाने नॉर्वेत ल्युथरन (प्रॉटेस्टंट) पंथ आणला, पेटी कोपनहेगनला नेली, वितळवली. शरीर देवळातच कुठेतरी पुरलं. कुठे, ते आज कोणालाही सांगता येत नाही. म्हणजे ज्याच्या कबरीसाठी एवढं उभं केलं, ती कबरच हरवली. मार्गदर्शक बाईंनी हे इतकं सहज सांगितलं की मी दोनदा विचारलं.

आमच्याकडे उलट. वसईच्या किल्ल्यात सेंट जोसेफचा मनोरा उभा आहे, छप्पर नाही, आत पिंपळ. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून नेल्या, त्या मेणवलीला, भीमाशंकरला आणि आणखी कितीतरी देवळांत आजही वाजतात. मी लहानपणी सहलीला भीमाशंकरला गेलो होतो, घंटेवर क्रॉस बघून बाईंना विचारलं, तर बाई म्हणाल्या, तो अधिकचं चिन्ह आहे.

तर बाई, तुमच्या ढोलाबद्दल: वस्तू वितळली की संपली. वाजत राहिली तर कोणाची का असेना, राहते. हे माझं मत, वाद नको.

ट्रॉन्डहाइममध्ये मोठ्या देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर कॅथलिकांचं स्वतःचं सेंट ओलाफ कॅथेड्रल आहे, २०१६ चं. तिथल्या मिस्साला, म्हणजे आमच्या उपासनेला, गेलो. फिलिपिनो, पोलिश, तामिळ. बाकं भरलेली. साहेबांना मोजायला आवडलं असतं.

*

मोडीवाली

मी देवाधर्माची नाही, कागदपत्रांची आहे. माझं देऊळ डेन्मार्कमधलं, रोस्किल्ड. कोपनहेगनहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत. लाल विटांचं, बाराव्या शतकापासून वाढत गेलेलं, १९९५ पासून जागतिक वारसा. डेन्मार्कचे जवळजवळ चाळीस राजे-राण्या तिथे आहेत. चालताना सारखं 'हे कोण, हे कोण' करत शवपेट्यांमधून वाट काढायची.

मला त्यात एकच राजा बघायचा होता. फ्रेडरिक सहावा. कारण सांगते.

ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते, धंद्याला खोटी. म्हणून विल्यम केरी आणि मंडळी हुगळीकाठी श्रीरामपूरला गेली. (आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं सेरामपूर.) ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होतं. तिथल्या छापखान्यातून १८०५ मध्ये केरीचं मराठी व्याकरण निघालं आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश. कोशातले मराठी शब्द चक्क मोडीत छापलेले. मोडीचे खिळे, म्हणजे छपाईचे ठसे! केरीला मराठी शिकवणारे वैजनाथ पंडित होते, त्यांच्याशिवाय यातलं काही झालं नसतं. १८२७ मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली ती याच फ्रेडरिक सहाव्याने.

तर मराठी छपाईच्या पहिल्या पानांवर डॅनिश राजाची सावली होती. त्याला हे कधी कळलंही नसेल. मी त्याच्या शवपेटीसमोर उभी राहून हळूच 'आभारी आहे' म्हटलं. शेजारच्या कुटुंबाने मुलाला जवळ ओढून घेतलं.

बाईंच्या गोष्टीतला एक धागा इथेच गुंतलाय. याच देवळात फ्रेडरिक चौथाही आहे. १७०६ मध्ये त्याच्या नावाने त्सिगेनबाल्ग आणि प्लुचाउ हे दोन मिशनरी तामिळनाडूत तरंगंबाडीला उतरले. १७१४ मध्ये त्याने कोपनहेगनला मिशनचं कार्यालय स्थापन केलं आणि त्याच कार्यालयाच्या हाताखाली तरंगंबाडीचं काम होतं, ग्रीनलंडचं होतं आणि सामी लोकांतलंही होतं. म्हणजे तरंगंबाडीच्या तामिळ छापखान्याचा हिशोब आणि सामी ढोलांची पोच एकाच टेबलावर पडत असणार. हे मला तिथे असताना सुचलं नव्हतं, बाईंचं वाचून सुचलं. संध्याकाळभर दुसरं काही केलं नाही.

गंमत म्हणून: एका खांबावर तिथे येऊन गेलेल्या राजेलोकांच्या उंचीच्या खुणा आहेत. क्रिस्तियन पहिला या राजाची खूण २१९ सेंटिमीटरच्या वर. एवढा उंच तो नव्हता म्हणे. दरबारी माणसं सगळीकडे सारखीच.

*

दोन बॅगा एक नवरा

आमचं उप्साला. स्वीडन. स्टॉकहोमहून एका दिवसात जाऊन आलो. यांच्या मीटिंगा होत्या, मी मोकळी.

देऊळ जितकं लांब तितकंच उंच, ११८.७ मीटर. कोणी ठरवून केलं देवच जाणे. वनस्पतींना दोन शब्दांची नावं देणारे लिनियस तिथे फरशीखाली आहेत. मी अकरावीला बॉटनी त्यांच्यामुळे नापास होता होता वाचले, म्हणून जरा बाजूने चालले.

आत अगदी मागे, राजाच्या चॅपलकडे बघत एक बाई उभी होती. निळा स्कार्फ, साधा कोट, आमच्या सोसायटीतल्या कोणी असाव्यात अशी. मला फोटो काढायचा होता, म्हणून मी म्हटलं, एक्स्क्यूज मी. ऐकलं नाही. पुन्हा म्हटलं. शेवटी मराठीत म्हटलं, अहो जरा सरकता का. मागून कोणीतरी हसलं. तो पुतळा होता! मरियेचा. २००५ मध्ये बसवलाय, आंदेर्स विडोफ यांनी केलेला. पूर्वी त्या चॅपलच्या जागी मरियेचं स्थान होतं, मग तिथे राजा झोपला. आता ती परत येऊन बाहेर उभी आहे, साध्या बाईसारखी, आत बघत.

मी तिच्या शेजारी दहा मिनिटं उभी राहिले. नवऱ्याला फोटो पाठवला तर म्हणाला, ही कोण, तुझी नवीन मैत्रीण का?

*

ढगाळ हेलसिंकी

सगळं छान, पण फिनलंड स्कँडिनेव्हियात धरत नाहीत हे मला माहीत आहे, तरी लिहितो. आमच्याकडे टेम्पेलिआउकिओ चर्च आहे, १९६९ चं, खडकात सुरुंग लावून आत कोरलेलं, वर तांब्याच्या पट्टीचा घुमट. भिंती तासलेल्या नाहीत, खडक तसाच. मी संभाजीनगरचा, वेरूळ बघत मोठा झालो, मला वाटलं काय विशेष. आत कोणी सेलो वाजवत होतं. बसलो. पाऊण तास गेला.

*

जमशेदपूरचा मराठी

पाळकबाई, मिशनरी आणि मूळ रहिवासी यांचं दुसरंही एक टोक सांगतो. नॉर्वेचे स्क्रेफस्रूड आणि डेन्मार्कचे ब्योरेसेन यांनी १८६७ मध्ये आजच्या झारखंडात दुमक्याच्या बाजूला संथाळ आदिवासींत काम सुरू केलं. त्यांच्या मागून आलेल्या बोडिंग यांनी संथाळी कोश केला, पाच खंड. गोष्टी, औषधं, विधी, सगळं संथाळांकडून लिहून घेतलं. त्यातली हस्तलिखितं ऑस्लोत आहेत. माझा संथाळ मित्र ऑस्लोला गेला तेव्हा देऊळबिऊळ सोडून ते बघायला गेला. आजीच्या तोंडची एक म्हण त्याला तिथे कागदावर सापडली. तो खूश होता आणि चिडलेलाही. म्हणाला, आमच्या आजीची म्हण बघायला मला व्हिसा काढावा लागतो.

*

सातपुड्याची बाई

सगळ्यांचं वाचून काढलं. साहेबांना मोठ्याने वाचून दाखवलं, चष्मा सापडत नाहीये. वसईकर, 'अधिकचं चिन्ह' वर ते इतके हसले की ठसका लागला. मोडीवालीताई, एकाच टेबलावरचं तुमचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

जमशेदपूरकर, आमच्याकडेही एक वही आहे. मी बाळंतपणाला जायचे तेव्हा म्हाताऱ्या बायका ज्या ओव्या म्हणायच्या त्यातल्या थोड्या उतरवून घेतल्या होत्या. व्हिसा लागणार नाही, नगरला या.

*

धडगाववाला

बाई, मी तुमच्या हॉस्टेलला होतो. पाचवी ते सातवी. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखाल. शनिवारी डोक्याला तेल लावताना तुम्ही कान पिळायच्या.

ज्याचा ढोल बाहेर ठेवला तो कोण हे मला माहीत आहे. वारला, सात-आठ वर्षं झाली. चर्चमध्येच माती दिली.

आमच्याकडे आता नाताळला ढोल आत वाजतो. बरीच वर्षं झाली. कोणी ठराव वगैरे केला नाही. एका वर्षी पेटी बिघडली, मग म्हटलं गाणं कशावर म्हणायचं, तर कोणीतरी ढोल आणला. त्यानंतर पेटी दुरुस्त झाली पण ढोल गेला नाही. जुनी माणसं दोघं-तिघंच कुरकुरली.

पण खरं सांगू का, अडचण वेगळीच झाली. पोरांना ताल येत नाही. होळीचा येतो, तो सगळ्यांना येतो, पण बाकीचे ताल वाजवणारे म्हातारे गेले. पोरं डीजे मागतात. मागच्या नाताळला मंडळीत त्याच्यावरूनच वाजलं. पाळक म्हणाले डीजे नको, ढोल वाजवा. मला बसल्या जागी हसू आलं, आता पाळकच सांगतो ढोल वाजवा.

त्याचा ढोल त्याच्या पोराकडे आहे. कातडं दोनदा बदललं, खोड तेच. साहेबांना सांगा.

*

सातपुड्याची बाई

ओळखलं. कान अजून डावाच मोठा आहे का?

साहेबांना सांगितलं. ते अंगणात जाऊन बसले, अर्ध्या तासाने आत आले आणि विचारलं, धडगावची एसटी आता नंदुरबारहून किती वाजता सुटते. बघून कळव.

*

पहिलीच परदेशवारी

सर्वांचे अनुभव वाचले, छान वाटलं. आम्ही पुढच्या जुलैत ट्रॉन्डहाइम आणि ऑस्लो करतोय. सासूबाई सोबत आहेत, वय अडुसष्ट, गुडघे. जुलैत स्वेटर लागतो का? आणि मोठ्या देवळाच्या मनोऱ्यावर चढता येतं असं वाचलं, त्यांना जमेल का?

*

सातपुड्याची बाई

स्वेटर लागतो, आणि वारा अडवणारं पातळ जाकीटही घ्या. सकाळी ऊन, दुपारी पाऊस, संध्याकाळी पुन्हा ऊन. छत्री उलटी होते, नेऊ नका. मोज्यांचे जोड जास्त घ्या.

मनोऱ्याचा जिना गोल, अरुंद, दगडी आणि दीडशेहून जास्त पायऱ्यांचा. मी निम्म्यावरून परत फिरले. सासूबाईंना खाली दक्षिणेकडच्या कबरस्तानात बाकावर बसवा, तिथे झाडं आहेत आणि बाजूची नदी दिसते. थर्मासमध्ये चहा न्या, बाहेर महाग पडतो. रविवारी उपासनेच्या वेळी गेलात तर तिकीट नाही, पण मग मध्येच उठून फोटो काढत फिरू नका. आणि चादरी जाड न्या किंवा डोळ्यांवर बांधायला काळं फडकं, रात्र होतच नाही. साहेब पहिल्या दिवशी पहाटेची प्रार्थना म्हणून उठले, आंघोळ केली, मग घड्याळ पाहिलं. दोन वाजले होते.